सोलर घ्यायचं, पण कोणतं? स्वस्त इन्व्हर्टरचा घरगुती हिशोब

गेल्या उन्हाळ्यात जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही मस्जिदीबाहेर पडलो, तर दोन तरुण मुले हातात रंगीत पत्रके घेऊन उभी होती. पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'वीजबिल शून्य, लाईट २४ तास.' वर सूर्याचे चित्र, खाली मोबाईल नंबर. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यातल्या चार घरांतून एकच प्रश्न आला, "सर, घेऊ का?" शाळेत आम्ही मुलांना विज्ञान शिकवतो, त्यामुळे विजेचेही सगळे काही कळत असेल असा लोकांचा समज आहे. तेव्हा फार कळत नव्हते. विचारपूस केली, दोन-तीन घरांचे पैसे वाया जाताना पाहिले, मग कळले.

त्या पत्रकातली पहिलीच ओळ गोंधळात टाकणारी आहे. 'बिल शून्य' आणि 'लाईट २४ तास' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या देणारी यंत्रेही वेगळी आहेत. स्वस्तातल्या एकाच यंत्रात दोन्ही मिळतील असे कोणी सांगत असेल तर तिथेच थांबायला हवे.

सध्या एवढी चर्चा का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' आणली. एक कोटी घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवायचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटींची तरतूद. यात १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये त्यात 'स्मार्ट' योजनेची भर घातली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वीज वापरणारी दुर्बल घटकांतील घरे यांना १ किलोवॅटसाठी राज्याकडूनही जादा रक्कम मिळते. मात्र तिथे लाभार्थींची संख्या ठरलेली आहे. जो आधी जाईल त्याचा नंबर आधी.

दुसरी गोष्ट कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बसवण्याच्या कामासह पूर्ण यंत्रणा घेतली तर ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के रक्कम सेवा धरून कर लागतो. सेवेवर १८ टक्के आहेत. म्हणजे एक लाखाच्या कामावर पूर्वी १३,८०० रुपये कर व्हायचा, आता ८,९०० होतो. जवळपास पाच हजारांचा फरक. इन्व्हर्टरच्या साध्या बॅटरीवरचा करही तेव्हाच २८ वरून १८ टक्के झाला. दुकानदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये जुनाच कर लावलेला नाही ना, हे तपासून घ्यावे. विचारायला लाजण्यासारखे त्यात काही नाही.

अनुदान आणि करकपात दोन्ही खरे आहेत. पण ज्याला आपण 'सोलर इन्व्हर्टर' म्हणतो तो नेमका कोणता, हे न कळता पैसे भरले तर दोन्हींचा फायदा हातचा जातो.

तीन प्रकार, तीन कामे

बाजारात तीन तऱ्हेचे सौर इन्व्हर्टर आहेत.

पहिला ऑन-ग्रिड. यात बॅटरी नसते. पॅनेलची वीज घरात वापरली जाते, उरलेली नेट मीटरमधून महावितरणच्या तारेत जाते आणि बिलातून वजा होते. सरकारी अनुदान तारेला जोडलेल्या यंत्रणेलाच मिळते. बिल कमी करण्यासाठी हाच सर्वांत स्वस्त रस्ता.

पण एक गोष्ट विक्रेते अनेकदा सांगत नाहीत. बाहेरची लाईट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद पडतो. आमच्या मामूंच्या घरी हेच झाले. छतावर ३ किलोवॅटची पॅनेल, मे महिन्याची दुपार, ऊन असे की छतावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. लाईट गेली आणि घरातला एकही पंखा फिरेना. मामूंना वाटले माल खराब निघाला. माल खराब नव्हता. तारेत वीज नसताना इन्व्हर्टरने वीज सोडली, तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला झटका बसू शकतो. म्हणून लाईट जाताच स्वतःला बंद करणे या इन्व्हर्टरला बंधनकारक आहे. भारतीय मानक आयएस १६१६९ त्याचसाठी आहे. कोणाच्या तरी मुलाचा जीव वाचवणारा हा नियम आहे. फक्त तो मामूंना पैसे भरण्याआधी सांगायला हवा होता. आणि सहरीच्या वेळी लाईट गेली तर ऊनही नाही, लाईटही नाही. ऑन-ग्रिडचा तिथे काहीच उपयोग नाही.

दुसरा ऑफ-ग्रिड. यात बॅटरी असते. दिवसा पॅनेलवर बॅटरी चार्ज होते आणि लाईट गेल्यावर पंखे-दिवे चालतात. आपल्या घरात जो नेहमीचा इन्व्हर्टर असतो त्याचाच हा सोलरवाला भाऊ. याला सूर्यघरचे अनुदान नाही.

तिसरा हायब्रिड. तो तारेलाही जोडलेला असतो आणि बॅटरीही ठेवतो. दोन्ही कामे करतो, पण किंमत जास्त, शिवाय बॅटरीचा खर्च आपल्याच खिशातून. अनुदान बॅटरीवर मिळत नाही.

आधी बिल बघा, मग छत

घरात १२ महिन्यांची बिले काढून ठेवावीत. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि त्यापुढच्या युनिटांचा दर दुपटीच्या घरात जातो. बजेटचे खरे गणित इथेच आहे.

समजा एका घराचा वापर महिन्याला २२० युनिट आहे. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनेल सरासरी दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज देते, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. २२० मधून १२० गेले, उरले १००. म्हणजे जी १२० युनिटे महाग दराची होती तीच कमी झाली. स्थिर आकार भरावा लागतोच, तरीही बिलातला मोठा हिस्सा एका किलोवॅटने निघून जातो. याच घराने 'शून्य बिला'साठी २ किलोवॅट घेतले, तर दुसरा किलोवॅट स्वस्त दराचीच युनिटे वाचवतो. तो चुकीचा नाही, पण त्याचे पैसे वसूल व्हायला पुष्कळ जास्त वर्षे लागतात. हातात पैसे थोडे असतील तर पहिला किलोवॅट घ्यावा आणि दुसऱ्यासाठी छतावर जागा राखून ठेवावी.

ज्यांचे बिलच ७०-८० युनिटांचे आहे, त्यांनी स्मार्ट योजनेत बसत असू तरच घाई करावी. नाहीतर त्यांचा प्रश्न बिलाचा नाही, लाईट जाण्याचा आहे. त्यांचा हिशोब वेगळा.

लाईट जाते म्हणून घ्यायचे असेल तर

एक आठवडाभर वहीत लिहावे, लाईट कधी गेली, किती वेळ गेली, त्या वेळी घरात काय चालू हवे होते. आम्ही दहावीच्या मुलांना हा गृहपाठ दिला होता. बहुतेक घरांचे उत्तर सारखेच आले. तीन पंखे, पाच दिवे, टीव्ही, वायफाय. फ्रीज आणि पाण्याची मोटर कोणी लिहिली नाही, कारण तासा-दोन तासांसाठी त्यांची गरज नसते.

आता साधी बेरीज. जुना पंखा ७५ वॅटचा, असे तीन, २२५ वॅट. पाच एलईडी ४५ वॅट, टीव्ही ८० वॅट, वायफाय १० वॅट. एकूण ३६० वॅट.

बॅटरी १५० एएच, १२ व्होल्टची. गुणाकार केला तर १,८०० वॅट-तास. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते. निम्मीच वापरायची म्हटली तर ९००, त्यात इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज खर्च होते, हाती उरतात साधारण ७६५. ३६० ने भागले तर दोन तासांच्या थोडे वर.

आता तेच तीन पंखे बीएलडीसी लावले तर? असा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. एकूण भार येतो २२५ वॅट. तीच बॅटरी, तोच इन्व्हर्टर, पण वेळ जवळपास साडेतीन तास. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणे हा स्वस्त उपाय आहे. शिवाय लाईट असतानाही बिल कमी येते. सोलरच्या दुकानात हे कोणी सांगणार नाही, कारण पंखे त्यांच्याकडे मिळत नाहीत.

दोन अक्षरांचा फरक, दोन-तृतीयांश वीज गायब

ऑफ-ग्रिड घेताना पाकिटावर एक शब्द शोधायचा, एमपीपीटी. स्वस्त मालावर पीडब्ल्यूएम लिहिलेले असते. फरक किंमतीत काही हजारांचा, पण उपयोगात फार मोठा.

आमच्या गल्लीतल्या एका खालांच्या घरी स्वस्त पीडब्ल्यूएम इन्व्हर्टर, एक बॅटरी आणि ५४० वॅटचे एक मोठे पॅनेल बसवले. खाला म्हणाल्या, "सर, पॅनेल एवढं मोठं, तरी बॅटरी भरतच नाही." आयटीआय झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने भर दुपारी मीटर लावून पाहिले. १३ व्होल्टवर १३ अँपिअर. म्हणजे १६९ वॅट. ५४० चे पॅनेल १६९ देत होते.

कारण सोपे आहे. मोठे पॅनेल ४१ व्होल्टच्या आसपास आणि १३ अँपिअरने वीज देते. पीडब्ल्यूएम हे पॅनेलला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणते. अँपिअर तेच राहतात, व्होल्ट मात्र फुकट जातात. एमपीपीटी उरलेले व्होल्ट वाया न घालवता त्यांचे अँपिअर करून देतो. लहान, '१२ व्होल्ट'चे म्हणून विकले जाणारे ३६ सेलचे पॅनेल असेल तर पीडब्ल्यूएम चालून जाते. मोठे पॅनेल घ्यायचे तर एमपीपीटीच हवे. आणि इन्व्हर्टर जास्तीत जास्त किती व्होल्टचे पॅनेल झेलतो तो आकडा बघावा. ५४० वॅटचे पॅनेल भार नसताना ५० व्होल्टच्या जवळ जाते, थंडीच्या सकाळी त्याहूनही थोडे वर. २५ व्होल्टची मर्यादा असलेल्या कंट्रोलरला ते जोडले तर तो जळणार.

विकत घेताना आणखी काही गोष्टी बघायच्या:

- आकडा व्हीएमध्ये आहे की वॅटमध्ये? ११०० व्हीएचा इन्व्हर्टर ११०० वॅट देत नाही. नेमके किती वॅट, हे लिहून घ्यावे.
- आउटपुट प्युअर साईन वेव्ह हवे. स्क्वेअर वेव्हवर पंखे गुणगुणतात आणि मोटरवर चालणारी उपकरणे तापतात.
- बॅटरीवर सी-१० लिहिलेले आहे की सी-२०? सौर वापरासाठी सी-१० ची ट्युब्युलर बॅटरी योग्य. दोन्हींवर १५० एएच लिहिलेले असले तरी ती मापे सारखी नाहीत.
- वॉरंटीवर '३६+२४' असेल तर पहिले ३६ महिने मोफत बदल, पुढचे २४ महिने पैसे कापून. 'पाच वर्षे गॅरंटी' हे त्याचे खरे भाषांतर नाही.
- कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या तालुक्यात, निदान जिल्ह्यात आहे का? नसेल तर स्वस्त मालही महाग.
- अर्थिंग, सर्ज संरक्षण आणि योग्य जाडीची तार कोटेशनमध्ये वेगळी लिहिलेली हवी. पैसे वाचवायला विक्रेता आधी हेच गाळतो.
- पाण्याची टाकी, शेजारची भिंत, झाड यांची सावली सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत पॅनेलवर पडते का, हे आधी स्वतः छतावर जाऊन बघावे. एका पॅनेलवरची सावली त्याच तारेतल्या बाकीच्या पॅनेललाही मागे ओढते. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळे छत लागते.

मग घ्यायचे काय?

बिल मोठे आणि लाईट क्वचित जात असेल, तर अनुदानातला ऑन-ग्रिड. घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो विकू नये, लाईट गेल्यावर पंखे तोच चालवेल. आमच्या मते कमी बजेटच्या बहुसंख्य घरांसाठी हीच जोडी सगळ्यात किफायतशीर आहे. फक्त ऑन-ग्रिडची जोडणी मीटरच्या बाजूला करावी, जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर नाही. नाहीतर दोन्ही एकमेकांना खराब करतात.

बिल छोटे आणि लाईट तासन् तास जात असेल, तर बीएलडीसी पंखे आणि एमपीपीटीचा ऑफ-ग्रिड. लाईट रोज अर्धा-पाऊण तासच जात असेल तर साधा इन्व्हर्टर पुरे, सोलरची गरजच नाही.

बिलही मोठे आणि लाईटही फार जात असेल, तरच हायब्रिड. तोही एकदम नाही, पैसे साठवून.

पैसा आणि नाव

अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. म्हणजे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. सरकारच्या हिशोबात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५० हजार धरलेले आहेत, प्रत्यक्ष बाजारात त्याहून जास्तही सांगितले जातात. बँका यासाठी तारणाशिवाय कर्ज देतात, पण ते व्याजाचे असते. सूद नको म्हणून आपल्यातली बरीच घरे तिथून मागे फिरतात, हे आम्ही पाहिले आहे. त्यांनी निराश होऊ नये. आमच्या शाळेतल्या पाच शिक्षकांनी मिळून भिशी लावली. ज्याचा नंबर येईल त्याचे काम होते, अनुदान आले की तो ते पुढच्याला उसने देतो. दोन घरांचे काम झाले, इन्शाअल्लाह बाकीचीही होतील. बिनव्याजी पतसंस्था जवळ असेल तर तिथेही विचारावे.

अर्ज सरकारी पोर्टलवर होतो आणि विक्रेता तिथल्या नोंदणीकृत यादीतलाच लागतो. पाच वर्षे देखभाल त्याच्यावर बंधनकारक आहे, तसे कागदावर घ्यावे. अनुदान 'आमच्या खात्यात घेऊ' म्हणणाऱ्याला आणि ओटीपी मागणाऱ्याला दारातूनच सलाम करावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे छत एकट्याचे नसते. तिथे सोसायटीने मिळून लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी यंत्रणा घेतली तर प्रति किलोवॅट १८ हजार अनुदान आहे.

आता शेवटची गोष्ट, जी आमच्याच घरात अडली. सगळा हिशोब झाला, विक्रेता ठरला, भिशीत पहिला नंबर आमचा लागला. अर्ज भरायला बसलो तर मीटर अब्बांच्या नावावर. अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली. बिल दर महिन्याला त्यांच्याच नावाने येत होते, आम्ही भरत होतो, कोणालाच काही वाटत नव्हते. अनुदान ग्राहकाच्या खात्यात येणार, आणि ग्राहक तर कब्रस्तानात.

मीटर आपल्या नावावर करून घ्यायला कागद लागणार म्हणून थोरल्या भाईंनी सुचवले, "तिघी बहिणींच्या सह्या घेऊन टाकू, काम होईल." अम्मी तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सह्या कशाच्या? छतात त्यांचाही हिस्सा आहे. आधी हिस्सा सांगा, मग सही मागा." सहा वर्षे जे टाळले होते ते एका सोलरच्या अर्जाने समोर आणले. बहिणींना बोलावले, वकिलाकडून वारसांचा कागद केला, कोणाचा किती वाटा हे लिहिले, आणि मगच मीटरचे नाव बदलायला दिले. त्यात चार महिने गेले. भिशीचा आमचा नंबर दुसऱ्याला दिला. ते चार महिने वाया गेले असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या जुन्या मोहल्ल्यांत दादा-परदादांच्या नावावरची मीटरे किती असतील, हे ज्याने त्याने आपल्या घरचे बिल काढून बघावे. बिलावरचे नाव हयात माणसाचे नसेल तर इन्व्हर्टरच्या दुकानाआधी वारसांकडे जावे. नंतर बिले, मग लाईट जाण्याची वही, मग छतावरची सावली, आणि सगळ्यात शेवटी दुकान. पत्रक वाटणारी मुले पुढच्या जुम्म्यालाही येतीलच. तोपर्यंत आपल्याकडे त्यांना विचारायला चार नेमके प्रश्न तयार असले पाहिजेत.